पाच माणसे, अडीच तिकिटे

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी गेला की मध्यमवर्गीय घरात दोन विषय डोके वर काढतात: सहल आणि शिल्लक. पहिल्याचा पुरस्कार मुले करतात, दुसऱ्याचा गृहलक्ष्मी. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या घरी मात्र तिसरा पक्ष उभा राहिला. आईला शेगावी गजानन महाराजांच्या समाधीचे दर्शन घ्यायचे होते. आणि वय सत्त्याहत्तर म्हटल्यावर ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणायचा मला धीर होईना.

भाड्याच्या मोटारीचा आकडा ऐकून मी गप्पच बसलो. सौ.ने मात्र पेन्सिल घेतली.

“अहो, एस.टी.ने जाऊ. पाच माणसे आणि अडीच तिकिटे!”

हिशेब चोख होता. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. म्हणजे आई फुकट, सौ. अर्धी, मुलगी अर्धी, नऊ वर्षांचे चिरंजीव वयामुळे अर्धे. पूर्ण भाड्याचा मानकरी मी एकटा! चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही मिळतो. पण तो रोज लांब पल्ला मारणाऱ्याच्या कामाचा. आमच्या चार दिवसांच्या छोट्या टप्प्यांना सवलतीचे तिकीटच परवडले.

“तुला हाफ तिकिटात हिंडवला, आता माझं तिकीटच नाही रे!” कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना आई हसून म्हणाली.

एका बचतीवर मात्र मी फुली मारली. रात्री प्रवास केला की मुक्कामाचा खर्च वाचतो, असा सल्ला एका स्नेह्याने दिला होता. पण १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि २५ जीव गेले, हे विसरता येत नाही. शिवाय रात्रभर अवघडून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला सकाळी देवही नीट दिसत नाही. तेव्हा प्रवास दिवसाउजेडी, आणि रात्री पाठ टेकायला अंथरूण, असा नियम ठरला.

जालन्याहून सिंदखेडराजा गाठले. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला तो राजवाडा आणि लखुजीराव जाधवांची समाधी पाहून मुलांचा इतिहास पुस्तकाबाहेर आला. पुढे सुलतानपूरच्या फाट्यावरून लोणार. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. त्यातल्या खाऱ्या पाण्याने जून २०२० मध्ये गुलाबी रंग घेतला होता. मी मुलांना घेऊन खाली उतरलो. आई आणि सौ. वर धारेपाशी थांबल्या. गावातून तिथवर आईसाठी रिक्षा केली. सौ. म्हणाली, “वाचवलेले पैसे खर्चायचे तरी कुठे?” ते मला पटले.

खाण्याचा खर्च दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीने पहिले दोन दिवस अडवून धरला. तिसऱ्या दिवशी मेहकरला शार्ङ्गधर बालाजीचे दर्शन घेऊन खामगावमार्गे शेगाव गाठले. तिथे भक्तनिवासाची खोली माफक दरात, आणि महाप्रसाद विनामूल्य. संस्थानची स्वच्छता आणि सेवेकऱ्यांचे आर्जव पाहून पेटीत यथाशक्ती टाकल्यावाचून हात मागे येत नाही. गुरुवार, एकादशी, रामनवमी आणि ऋषिपंचमी हे गर्दीचे दिवस टाळल्याने आईला समाधीपुढे निवांत उभे राहता आले. ती किती वेळ उभी होती, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मुलांनी मात्र शेगावच्या कचोऱ्यांचा चोख ठेवला!

जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत. वयाचा पुरावा वरच्या खिशात ठेवा. शेवटची बस किती वाजता सुटते, हे उतरताक्षणीच विचारून घ्या. चार जागी बदलाव्या लागणाऱ्या बसमध्ये जड ट्रंक नको. प्रत्येकाने आपापली पिशवी उचलावी. आणि अंदाजपत्रकात काटछाट करताना म्हाताऱ्यांची झोप, मुलांचे पाणी आणि घरच्या गृहिणीची विश्रांती या तीन रकमांना कात्री लावू नये. तिथे वाचवलेला रुपया घरी परतल्यावर औषधाच्या दुकानात दामदुपटीने द्यावा लागतो.