सागर आणि सांडपाणी

भिलाईपासून सागर शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या परिसराचे पाणी शिवनाथ नदीला, शिवनाथ महानदीला आणि महानदी पारादीपजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. या दीर्घ प्रवासात सांडपाण्यातील बरीचशी घाण नदीतच कुजून जाते. मात्र नायट्रोजन व फॉस्फरस यांची काही संयुगे सागरापर्यंत जाऊ शकतात. किनाऱ्यावरील शहरांच्या सांडपाण्याला एवढाही अवधी मिळत नाही. मुंबईत मिठी नदीतून वाहणारी घाण माहीमच्या खाडीत थेट उतरते.

तेथे काय घडते? सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्यांवर जिवाणू तुटून पडतात आणि त्यांचे विघटन करताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च करतात. उष्ण प्रदेशातील सागराच्या एक लिटर पाण्यात हा वायू जेमतेम ६ ते ७ मिलिग्रॅम असतो. तो २ मिलिग्रॅमच्या खाली गेला, की मासे पळून जातात किंवा गुदमरतात. विघटनातून मुक्त झालेली पोषक द्रव्ये शैवालाला खत ठरतात. शैवाल माजते, मरते आणि कुजताना पुन्हा प्राणवायूच खाते. कालवे व शिंपले पाणी गाळून अन्न मिळवतात. त्यामुळे रोगजंतू त्यांच्या शरीरात साठतात आणि तेथून माणसाच्या ताटात येतात.

सागराचे पाणी अफाट असल्याने घाण आपोआप विरून जाईल, असा समज फार जुना आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. खुल्या समुद्रात लाटा व प्रवाह सांडपाणी लवकर पसरवतात. याच तत्त्वावर मुंबईत वरळी येथे १९९९ मध्ये आणि वांद्रे येथे २००३ मध्ये, किनाऱ्यापासून तीन किलोमीटरांहून अधिक आत सांडपाणी सोडणारे सागरी बोगदे कार्यान्वित झाले. परंतु त्यांत सोडण्यापूर्वी सांडपाण्यातील तरंगता कचरा व रेती एवढीच वेगळी केली जात असे. घाण दृष्टीआड झाली, नाहीशी झाली नाही. शिवाय खाडीत भरतीचे पाणी तीच घाण पुन्हा आत लोटते. म्हणून तेथे हा उपाय लागू पडत नाही.

याची किंमत प्रथम मोजतो तो किनाऱ्यालगत जाळे टाकणारा कोळी. मोठ्या नौका दूर जाऊ शकतात. त्याची लहान होडी जाऊ शकत नाही. सांडपाणी जमिनीवरच पूर्णपणे शुद्ध करणे, हाच खरा उपाय होय. आणि हे कर्तव्य किनाऱ्यावरील शहरांइतकेच नदीकाठच्या शहरांचेही आहे.