आगळ आपले, बाटलीवर नाव कोणाचे?

मे महिना सरत आला, वळवाचे ढग दिसू लागले की सिंधुदुर्गात घरोघरी रातांब्यांची घाई उडते. साली रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवल्या की सोलं होतात. मीठ घालून रस काढला की आगळ, साखरेत मुरवले की सरबत. राबतात बहुतेक घरातल्या बायकाच.

आणि हा माल मालवणच्या बाजारात येतो कसा? पाण्याच्या वापरलेल्या बाटलीत. ना नाव, ना गाव! पर्यटक चव घेऊन खूश होतो, विचारतो, "काकी, पुन्हा हवं तर कुठं मिळेल?" उत्तर ठरलेले, "फुडल्या वर्साक येवा, मी हयच आसंय." गिऱ्हाईक वर्षभर कशाला थांबेल? ते शहरातल्या दुकानात दिसेल ती बाटली उचलते.

सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण ते आपोआप कुणाच्या बाटलीवर चढत नाही. उत्पादकाला चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घालावे लागते.

बाटली निवडतानाही मालाचा स्वभाव पाहावा. आगळ आंबट आणि खारट, पत्र्याचे झाकण गंजते. म्हणून काचेची बाटली आणि न गंजणारे झाकण बरे. सोलांचा रंग उजेडात उतरतो, त्यातले मीठ दमट हवेत पाणी ओढते. तेव्हा जाड, घट्ट बंद होणारी पिशवी घ्यावी आणि ती उन्हात टांगू नये. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला २०१८ च्या नियमांनी मनाई आहे. गावातल्या खानावळींना माल देत असाल, तर रिकाम्या काचेच्या बाटल्या परत घ्या, उकळत्या पाण्याने स्वच्छ करून पूर्ण वाळवा. खर्च वाचेल, किनाऱ्यावरचा कचराही कमी होईल.

लेबलावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन वा माप, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे, करांसह किंमत, पूर्ण पत्ता, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि अन्न नोंदणीचा १४ आकडी क्रमांक हवा. किल्ला आणि नारळाचे झाड सगळेच छापतात. त्यापेक्षा आपल्या गावाचे नाव मोठे छापा. आणखी एक ओळ विसरू नका : 'यात मीठ आहे, सरबत नव्हे.' शहरातला माणूस आगळात साखर-पाणी घालून पितो आणि माल खराब म्हणतो.

एकेकटीला छपाई परवडत नसेल तर बचत गटाने एकच नाव घ्यावे. मात्र एका घरची बाटली बिघडली तर नाव सगळ्यांचे जाते. म्हणून मिठाचे प्रमाण एकच ठरवावे, कुणी कधी भरले याची वही ठेवावी. ग्रामपंचायतीने नोंदणीचे अर्ज भरायला एक दिवस नेमून दिला तरी बरेच काम होईल.

रातांबे पिकल्यावर धावपळ नको. लेबल आधीच छापून ठेवा.