परसातील तुंबा

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगांत मोलगी हे गाव वसले आहे. याच तालुक्यातील काठी येथील होळी फार प्रसिद्ध आहे. त्या होळीत नाचणाऱ्यांच्या मस्तकी मोरपिसांचे टोप असतात आणि कमरेला घुंगरांबरोबर वाळलेले दुधी भोपळे बांधलेले असतात. तेच भोपळे कोवळेपणी तोडले असते, तर त्यांची भाजी झाली असती!

भोपळ्याचे बी पावसाळ्याच्या आरंभी, शेणखत घातलेल्या आळ्यात टोचतात. त्याचे कवच कठीण असल्यामुळे ते आधी रात्रभर भिजत घालावे. वेल कुडावर, छपरावर किंवा मांडवावर चढवितात. तिची पांढरी फुले सायंकाळी उमलतात. नर व मादी फुले एकाच वेलीवर, पण निरनिराळी येतात. मादी फुलाच्या तळाशी इवलेसे फळ आधीच दिसते. रात्री पतंग एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेतात. ते फिरकले नाहीत, तर ते इवलेसे फळ पिवळे पडून गळते.

तुंब्यासाठी राखलेल्या फळाला मात्र कोणी हात लावावयाचा नाही. देठ वाळेपर्यंत ते वेलीवरच राहिले पाहिजे. घाईने तोडलेले फळ आक्रसते व कुजते. मांडवावरून लोंबणारे फळ सरळ वाढते, जमिनीला टेकलेल्याची मान वाकते. वाकडी मान हा काही दोष नव्हे. असे फळ उभे चिरले की त्याचे दोन डाव होतात. तोडलेले फळ वाऱ्यावर कित्येक आठवडे वाळू द्यावे. सालीवर बुरशीचे डाग पडले, तरी ते फेकू नये. हलविल्यावर बिया खुळखुळल्या, की तोंड कापून गर काढावा आणि कडवटपणा जाईपर्यंत आत पाणी भरून ते पुनःपुन्हा बदलावे. भाजीचा दुधी कडू लागला, तर तो शिजवूनही खाऊ नये. तो विषारी असतो.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला जो भोपळा लावतात, तोही याच वनस्पतीचा. तो पंढरपूरच्या परिसरात पिकतो.

आता प्लॅस्टिकची भांडी घरोघर आली आहेत, आणि बाजारातल्या पुडीत बहुधा भाजीच्या दुधीचेच बी मिळते. त्यातच शेजारी निराळ्या आकाराच्या भोपळ्याची वेल फुलली, तर पतंग भेदभाव करीत नाहीत. त्या बियांतून पुढे भलत्याच आकाराची फळे निपजतात. ज्याला जुना आकार राखावयाचा असेल, त्याने नर व मादी फुलांच्या कळ्या उमलण्यापूर्वीच दोऱ्याने बांधाव्यात. सायंकाळी त्या सोडून हाताने पराग लावावेत, मादी फूल पुन्हा बांधावे आणि फळ धरल्यावर देठाला खुणेची चिंधी अडकवावी. अशा एका फळात शेकडो बिया निघतात. त्या वाळवून, जुन्या तुंब्यात भरून बूच लावले, की पुढल्या पावसाळ्यापर्यंत सुरक्षित राहतात.