अल्ब्युमिन काढलं की काम झालं?

रक्तात आजाराची खूण शोधायची, तर आधी प्लाझ्मातली मुबलक प्रथिनं बाजूला काढा (याला डिप्लिशन म्हणतात), हा प्रोटिऑमिक्सच्या, म्हणजे प्रथिनांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या, प्रयोगशाळेतला पहिला धडा. धडा बरोबरच आहे. त्याच्याभोवती साचलेले काही समज मात्र चुकीचे आहेत.

गैरसमज: मुबलक प्रथिनं काढली की दुर्मीळ प्रथिनं आपोआप दिसतात.

हिशेब करून पाहू. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर प्लाझ्मात अल्ब्युमिन साधारण ४० मिलिग्रॅम असतं, तर इंटरल्युकिन-६ हे संदेशवाहक प्रथिन जेमतेम काही पिकोग्रॅम. ते ४ पिकोग्रॅम धरलं, तर तफावत १,००० कोटी पटींची. मुबलक प्रथिनं पकडणाऱ्या कॉलमने ९९ टक्के अल्ब्युमिन धरून ठेवलं, तरी ती १० कोटी पटींची राहते. दहा शून्यांपैकी दोनच गेली! शिवाय अल्ब्युमिन हटलं की त्याच्या मागच्या रांगेतली प्रथिनं पुढे येतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरचा वेळ तीच खातात, कारण हे यंत्र बहुधा ठळक पेप्टाइडच आधी निवडतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डिप्लिशननंतर ओळखलेली प्रथिनं सुमारे २५ टक्क्यांनी वाढली, पण सर्वाधिक मुबलक ५० प्रथिनांनीच ९० टक्के नोंदी व्यापल्या होत्या. फायदा खरा आहे, पण मर्यादित.

गैरसमज: जे काढायचं तेवढंच निघतं.

अल्ब्युमिन हे रक्तातलं वाहक प्रथिन. मेदाम्लं, बिलिरुबिन, औषधं आणि कितीतरी छोटी प्रथिनं त्याला चिकटून फिरतात, आणि अल्ब्युमिन कॉलमवर अडकलं की तीही अडकतात. सिबाक्रॉन ब्लू या रंगद्रव्याचा स्वस्त कॉलम इतर प्रथिनंही पकडतो. प्रतिपिंडांचा कॉलम जास्त नेमका असतो, पण चिकटून आलेली प्रथिनं त्यालाही चुकत नाहीत. म्हणूनच कॉलमवर अडकलेला भाग ओतून देऊ नये. तो सोडवून वेगळा तपासावा.

गैरसमज: काढलेली प्रथिनं निरुपयोगी असतात.

हॅप्टोग्लोबिन आणि अल्फा-१-अँटिट्रिप्सिन कॉलमने काढायच्या नेहमीच्या १४ प्रथिनांच्या यादीत आहेत. तांबड्या पेशी फुटू लागल्या की पहिल्याची पातळी घसरते. दुसऱ्याच्या आनुवंशिक कमतरतेत फुप्फुस आणि यकृत बिघडतं. तुमचा आजार या वाटेवरचा असेल, तर तुम्ही पुरावाच काढून टाकत असता.

प्लाझ्माऐवजी रक्त गोठल्यावर उरणारं सीरम वापरलं की फायब्रिनोजेन हे मुबलक प्रथिन फुकटात जातं, असंही म्हणतात. ते जातं खरं, पण रक्त गोठताना प्लेटलेट्स आपली प्रथिनं सोडतात आणि नमुना बदलतो. मास स्पेक्ट्रोमीटरऐवजी प्रतिपिंडांवर चालणाऱ्या, ओलिंक कंपनीच्या चाचण्यांसारख्या चाचण्यांना तर डिप्लिशन लागतच नाही.

एक काळजी मात्र प्रत्येकाने घ्यावी. कॉलम पुन्हा पुन्हा वापरला जातो आणि त्याची पकड हळूहळू सैल होते. आधी सगळे रुग्ण आणि मग सगळे निरोगी असा क्रम लावला, तर दिसलेला फरक आजाराचा की थकलेल्या कॉलमचा, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. नमुने सरमिसळ करूनच लावावेत, आणि दर काही फेऱ्यांनी तोच एक ठरावीक नमुना चालवून कॉलमची पकड तपासावी.