वैशाखातला सुगंध : धुराचा की पाण्याचा?

आज अक्षय्य तृतीया. महिनाभर झोपाळ्यात विराजमान झालेली चैत्रगौर आज निरोप घेईल. या महिन्यात ज्या ज्या घरी हळदीकुंकवाला जाणे झाले असेल, त्या त्या घरचे स्मरण वाचक भगिनींनी क्षणभर करून पाहावे. आंब्याची डाळ आणि पन्हे, भिजविलेल्या हरभऱ्यांची ओटी, मनगटावर अत्तराचे बोट, हाताला चंदन, गुलाबदाणीतून उडालेले चार थेंब आणि गौरीपुढे मोगऱ्याची रास. सुगंध चोहोंकडे आहे; पण धूर? एखादी उदबत्ती सोडली तर तो नाहीच. चैत्रगौरीचा सारा सुगंध ओला आहे. ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती यावी, एवढ्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच.

देवळातही रीत हीच. आम्ही पंढरीचे रहिवासी. गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत श्रीविठ्ठलाला आणि रुक्मिणीमातेला चंदनाची उटी लावण्याचा प्रघात येथे आहे. वाळवंटात अनवाणी पाय ठेववत नाही अशा दिवसांत चंदनाचा लेप ल्यालेले ते सावळे रूप पाहावे, म्हणजे उटी म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. आळंदीसही समाधीवर उटी होते. जगन्नाथपुरीची चंदनयात्रा आजच्याच तिथीला आरंभ होते आणि बेचाळीस दिवस चालते. त्यांतले पहिले एकवीस दिवस उत्सवमूर्ती नरेंद्र सरोवरात नौकाविहार करतात. आंध्रात विशाखापट्टणमजवळच्या सिंहाचलम् येथे तर नवलच आहे. तेथील वराहनरसिंह वर्षभर चंदनाच्या लेपाखाली झाकलेला असतो आणि आजच्या एका दिवशी तो लेप उतरवून निजरूपाचे दर्शन घडते. तीन दिशांची तीन क्षेत्रे, तीन रीती. परंतु वैशाखातला उपचार एकच, पाण्यात उगाळलेले चंदन.

पंचोपचार पूजेत गंध आणि धूप हे दोन वेगळे उपचार सांगितले आहेत, याचा विचार आपण फारसा करीत नाही. दोहोंचे फळ सुगंधच, मग दोन कशाला? आमच्या अल्पमतीप्रमाणे भेद आहे तो साधनाचा. गंध पाण्याने प्रकट होतो, धूप अग्नीने. न्यायशास्त्रात पृथ्वीचे लक्षणच गंधावरून केले आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाचे पहिले पाठ घेणारा विद्यार्थीही हे जाणतो. मग दगड पृथ्वीचाच अंश, त्याला वास का नाही, अशी शंका पूर्वसूरींनी घेतली, आणि उत्तरही दिले : वास आहे, पण अप्रकट आहे, दगडाचे भस्म केले की तो कळतो. गंध वस्तूत दडलेला असतो, त्याला बाहेर काढणारे काहीतरी लागते. चंदनाच्या खोडाला पाणी लागते, ऊद-लोबानाला निखारा लागतो.

तापलेल्या भुईवर वळिवाचे पहिले थेंब पडले की जो वास उठतो, तो याच गोष्टीचा दाखला. या वासाला १९६४ साली ऑस्ट्रेलियातील इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन रसायनज्ञांनी ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. मातीतील सूक्ष्म जंतूंनी घडविलेले जिओस्मिन नावाचे द्रव्य या वासात प्रमुख असते, असे शास्त्रज्ञ सांगतात. पण आपल्याकडे कनौजचे गंधी हा वास फार आधीपासून कुपीत भरीत आले आहेत. भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या डेगेत पाण्यासह तापवायच्या, तिची वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरवायची. हे मातीचे अत्तर. उन्हाळ्यात घरात काय दरवळावे असे कोणी आम्हांस विचारले तर आम्ही पहिले नाव याचे घेऊ. मात्र अस्सल मालाचे मोल मोठे असते. स्वस्तात मिळाले तर तो कृत्रिम वास आहे असे खुशाल समजावे.

जुन्या ग्रंथकारांनी ऋतूंप्रमाणे सुगंधाची केलेली वाटणी पाहण्यासारखी आहे. वाग्भटाचे अष्टांगहृदय घ्या. त्याच्या ऋतुचर्येच्या अध्यायात हेमंतात केशर-कस्तुरीचा लेप आणि अगरूचा धूप सांगितला आहे. वर्षाऋतूत हवा ओली, वस्त्रे दमट; म्हणून वस्त्रांना धूप द्यावा असे म्हटले आहे. आणि ग्रीष्मात? तेथे मोगऱ्याच्या माळा आहेत, चंदन आहे, पाटलपुष्पांनी वासित केलेले गार पाणी आहे, कारंज्याचे घर आहे. धूप नाही. कालिदासाच्या शाकुंतलात तिसऱ्या अंकाच्या आरंभी शकुंतलेला उन्हाची बाधा झाली म्हणून प्रियंवदा नेते ती वाळ्याची उटी. वाळ्याला संस्कृतात ‘उशीर’ म्हणतात. वर्गात हा शब्द आला की मुले एकदा हसून घेत, मग अर्थ लिहून घेत. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने मानसोल्लासात विलेपनाचा भोग आणि धूपाचा भोग स्वतंत्रपणे वर्णिले, ते याच जाणिवेने. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी तर १९४० च्या दशकात ‘गंधवाद’ नावाच्या सुगंधविद्येवरील पोथीचा परिचय अभ्यासकांना करून दिला, आणि त्या पोथीवर जुनी मराठी टीका आहे! आपल्या भाषेत ही विद्या एके काळी किती मुरली होती, याचा हा पुरावा.

आता आजच्या घराकडे वळू. उन्हाच्या झळा नकोत म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि अशा कोंडलेल्या खोलीत सकाळ-संध्याकाळ धूपकांडी आणि उदबत्ती. उदबत्तीच्या नावातला ऊद बहुतेक पुड्यांतून केव्हाच गेला आहे. बांबूच्या काडीवर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी जिगट यांचा थर, आणि तो बुडवून काढलेला कृत्रिम सुगंधाच्या द्रावात. बाजारातील बहुसंख्य काड्यांची घडण अशी असते. (बांबू जाळावा की जाळू नये, हा वाद आम्ही आज काढीत नाही.) तिचा धूर भक्तिभावाने भरलेला असला तरी छातीला तो धूरच. सिंगापुरात ६१ हजारांहून अधिक चिनी स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. घरात दीर्घकाळ धूप जाळणाऱ्यांत श्वसनमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोग अधिक आढळला. तैवानमध्ये तैपेई शहरातील एका मोठ्या देवालयाने २०१४ साली धूप जाळणे बंदच केले. तेथील भाविकांनाही ते सोपे गेले नसेल.

गेल्या चैत्रात कीर्तन आटोपून आम्ही वीणा उतरवून ठेवीत होतो, तोच एक सासूसून पुढे आल्या. चौथ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर. आजींना दमा, आणि नेम दोन वेळच्या धूपाचा. सुनेने त्यावर उपाय म्हणून सुगंधी मेणबत्ती आणली होती, ती आजींना देवापुढे नको होती.

“बुवा, रात्री दोन-दोन वाजता उठून बसतात हो या,” सून म्हणाली.

“माझ्या सासूबाईंनी घालून दिलेला नेम आहे. पाच उपचारांतला एक देवाला कमी करू?” आजींनी विचारले.

आम्ही म्हणालो, “आजी, जो उपचार हाताशी नाही त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात, अशी रीत तुम्हांला ठाऊक आहे. दागिना नसला की अक्षता वाहता ना? मग श्वास नसला की धूपाच्या जागीही त्याच. आणि तोंडाने धूप म्हणायचे तेवढा वेळ सहाण पुढे घेऊन चंदन जास्त उगाळा.” आजी काही बोलल्या नाहीत. पुढे सुनेकडून कळले की रोजचा धूप सुटला. एकादशीची एक उदबत्ती मात्र उरली आहे, तीही गॅलरीत, तुळशीपाशी. आमच्या मते निवाडा आमच्यापेक्षा आजींनीच चांगला केला.

मेणबत्तीविषयी आम्हांस अलीकडे वारंवार विचारले जाते. दिवाळीच्या भेटींतून ती घरोघर आली आणि आता बारा महिने राहिली आहे. तिला परकी म्हणून हिणवण्याचे कारण नाही. ख्रिस्ती उपासनेत तिला पवित्र स्थान आहे, आणि वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाच्या प्रतिमा वाहणाऱ्यांत हिंदूही असतातच. परंतु आपल्या देवघरात दीप म्हणजे तूप किंवा तेल आणि कापसाची वात. त्या निरांजनाची जागा मेणबत्तीने घ्यावी असे आम्हांस वाटत नाही. बैठकीच्या खोलीत शोभेसाठी ती लावावी की नाही, हा प्रश्न धर्माचा नसून ऋतूचा आहे. पॅराफिनचे मेण खनिज तेलापासून निघते. ज्योतीभोवती ते वितळून तळे साचते आणि त्यातून वास उडतो. एक मेणबत्ती सुमारे ८० वॉट उष्णता देते, म्हणजे खोलीत जवळजवळ आणखी एक माणूस येऊन बसल्यासारखे! शिवाय वाऱ्याने ज्योत हलली की काजळी धरते, म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. वैशाखात पंखा बंद करून सुगंध घेणारा रसिक आमच्या पाहण्यात नाही. ही वस्तू थंड देशांतल्या बंद खोल्यांची; आपल्याकडे तिने पौष-माघात यावे.

तरीही हौस असेल तर एकच लहान मेणबत्ती दिवेलागणीला, खिडकी उघडून, पाऊण तासाहून अधिक नाही, अशी लावावी. वात पाव इंचाहून लांब ठेवू नये. वास निवडताना व्हॅनिला-दालचिनीसारखे जड वास टाळून मोगरा, वाळा किंवा लिंबाच्या जातीचा हलका वास घ्यावा. पडद्यापासून ती दूर हवी, आणि निजण्यापूर्वी विझलेली हवी. काड्या उभ्या केलेल्या सुगंधी तेलाच्या बाटल्या मिळतात, त्यांत ज्योत नाही हे बरे. पण लहान मुलाच्या हाताला लागतील अशा जागी त्या ठेवू नयेत.

मुलांवरून कापराचे सांगितलेच पाहिजे. भीमसेनी कापूर म्हणून ज्याची ख्याती, तो सुमात्रा-बोर्निओकडील एका वृक्षात मिळतो. आपण आरतीला लावतो तो बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनलेला. जुन्या ग्रंथांत उन्हाळ्याच्या पाण्याला कापराचा वास देण्याचे सांगितले आहे खरे. पण पुडीतली वडी माठात कदापि टाकू नये. खडीसाखर समजून मुलाने कापूर गिळला तर थोड्या वेळात झटके येतात, जिवावर बेतू शकते. डबी घट्ट बंद आणि उंचावर हवी. गेली असेलच पोटात, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा.

चंदनाविषयी फसवणूक फार. झाड दुर्मिळ, वास असतो तो गाभ्याला, आणि गाभा भरायला वर्षे लागतात. नुसत्या लाकडाला वास लावून खोड म्हणून विकतात. ते ओळखण्याची खूण अशी, की चार दिवस उगाळल्यावर त्याचा वास विरतो. खऱ्या खोडाचा मात्र आतून येत राहतो आणि लेप वाळल्यावरही टिकतो. रक्तचंदन निराळे, त्याला सुगंध जवळजवळ नाही. खरे खोड परवडत नसेल तर खोटे घेऊ नये, वाळा घ्यावा.

वाळा हे या ऋतूचे गरिबातल्या गरिबाला मिळणारे ऐश्वर्य आहे. गवताची मुळेच ती, रंगाने मातकट. सरबत हिरवे असते ते रंग घातल्यामुळे. हिरवी जुडी दिसली तर दुकान बदलावे. देशावर आणि विदर्भात हवा कोरडी, तेथे दारा-खिडकीला वाळ्याचा पडदा बांधून त्यावर दुपारी पाणी मारले की खोली गारही होते आणि दरवळतेही. कोकणात हवेतच ओल असल्याने गारवा येत नाही, वास तेवढा येतो; तेथे मोगऱ्याच्या कळ्या पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवणे बरे. सायंकाळी त्या आपोआप उमलतात. कूलरच्या टाकीत वाळा घालणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासावी, नाहीतर सुगंधाबरोबर डेंग्यूचे डास पोसले जातात.

आज उदककुंभाचे दान करावयाचे. कुंभासाठी वाळ्याची जुडी आणली असेल तर ती दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावी, माती पुरती निघाली की स्वच्छ फडक्यात सैल बांधावी आणि देण्यापूर्वी तास-दोन तास घटात सोडावी. घरच्या माठातली जुडी तिसऱ्या दिवशी काढून उन्हात खडखडीत वाळवावी आणि पुन्हा घालावी. वास मंदावला की ती फेकू नये. वाळवून कपड्यांच्या कपाटात ठेवावी, पुढचे काही महिने तेथे उपयोगी पडते.