पाण्यांतील अदृश्य विष व रंग बदलणारें जेल

नितळ दिसणारें पाणी तें शुद्ध पाणी, अशी आपली पिढीजात समजूत आहे. तुरटीनें गाळ बसतो, उकळल्यानें रोगजंतु मरतात, हें खरें. परंतु शिसें, पारा, कॅडमियम यांसारखे जड धातु पाण्यांत विरघळलेले असले, तर उकळल्यानें ते नाहींसे होत नाहींत. पाणी आटतें, धातु मागें राहतो. त्यांना वास नाहीं, रुचि नाहीं. कल्हईच्या कथिलांत किंवा नळाच्या जुन्या जोडांत शिसें असेल, तर तें पाण्यांत उतरूं शकतें. आणि मुलांच्या वाढत्या मेंदूस त्यापासून होणारा अपाय पुढें भरून येत नाहीं.

भारतीय मानकाप्रमाणें एका लिटर पाण्यांत शिसें ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असूं नये. म्हणजे एक लाख लिटरांत अवघें एक ग्रॅम! इतकें अल्प प्रमाण डोळ्यांस कसें दिसावें?

येथें रसायनशास्त्र साहाय्यास येतें. हळदींत चुना मिसळला कीं ती लाल होते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. दिसत नाहीं त्याची वार्ता रंगानें द्यावी, हें तत्त्व त्यांतच आहे. आतां सब्जाचें बीं आठवा. पाण्यांत पडतांच त्याभोंवतीं फुगीर, पारदर्शक आवरण येतें. पाणी धरून ठेवणाऱ्या अशा पदार्थास हायड्रोजेल म्हणतात.

१९९७ साली अमेरिकेंतील पिट्सबर्ग विद्यापीठांत सॅनफर्ड ॲशर व त्यांचे सहकारी हॉल्ट्झ यांनीं अशा जेलांत अतिसूक्ष्म गोळ्या समान अंतरावर रचून बसविल्या. मोरपिसांत निळें रंगद्रव्य नसतें; सूक्ष्म रचनेमुळेंच तो रंग दिसतो. तसेंच येथें. जेलास जोडलेले विशिष्ट रेणु शिसें पकडतात, जेल अधिक फुगतें, गोळ्यांमधील अंतर वाढतें, आणि रंग तांबड्याकडे सरकतो.

२०१० साली कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठाचे जुवेन लिउ व सहकारी यांनीं पाऱ्यासाठीं निराळी युक्ति योजिली. त्यांनीं जेलांत डी. एन. ए. चे धागे गुंफले. पारा त्यांस चिकटला कीं, विशिष्ट किरणांखालीं पिवळी दिसणारी चमक हिरवी होते. पाण्यांतील पारा जेलांत गोळाहि होतो, आणि आम्लानें धुतल्यावर तेंच जेल पुन्हां वापरतां येतें.

परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ह्या जेलानें नुसत्या डोळ्यांस दाखविलेला पारा लिटरमागें सुमारें ०.००२ मिलिग्रॅम, आपली मर्यादा मात्र ०.००१. तेव्हां रंग पालटला तर धोका निश्चित. न पालटला तर निर्धास्त व्हावें, असें नव्हे. शिवाय एका धातूसाठीं केलेलें जेल दुसऱ्याची ग्वाही देत नाहीं.

आपला धाराशीव जिल्हा काळ्या पाषाणाचा. विहिरी व विंधणविहिरी यांवर आपली मोठी भिस्त. २०१९ पासूनच्या जलजीवन मोहिमेंत गांवोगांवच्या स्त्रियांस पाणी तपासण्याच्या पेट्या वापरण्याचें शिक्षण देण्याची योजना आहे. त्या पेट्यांतून कठिणपणा, फ्लुओराइड, नायट्रेट अशा गोष्टी कळतात. शिशाचा निर्णय मात्र प्रयोगशाळेंतच होतो. हीं जेलें अद्याप घरोघरीं रुळलेलीं नाहींत. तोंवर शंका येतांच नमुना प्रयोगशाळेकडे धाडावा, आणि केवळ नितळपणावर विसंबून मुलांच्या हातीं पेला देऊं नये.