रोकड आणि वही यांचा मेळ

मुंबईहून बडोद्याकडे निघालेली आगगाडी सुरत सोडून तापीचा पूल ओलांडते, आणि उत्राण मागे पडल्यावर कोसाडचे लहानसे स्थानक लागते. एके काळी शेतीवाडीचे गाव असलेले कोसाड आज सुरत शहरात मिसळून गेले आहे. सुरत म्हणजे कापडाचे, जरीचे आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याचे शहर. तापीच्या वरच्या खोऱ्यातून, म्हणजे धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून पोटासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली आहेत. बाप दुसऱ्याच्या मागावर राबला आणि मुलाने चार यंत्रे घेऊन स्वतःचे दुकान मांडले, असे दृश्य अशा शहरांत विरळा नाही.

परंतु मजुरी करणे निराळे आणि धंदा चालविणे निराळे. मजुराच्या हाती पडलेला पैसा त्याचा स्वतःचा असतो. धंद्याच्या गल्ल्यात पडलेला पैसा मात्र सगळा धन्याचा नसतो. त्यात सूतवाल्याचे देणे असते, कामगारांचा पगार असतो, सरकारचा कर असतो आणि बँकेचा हप्ताही असतो. म्हणूनच गल्ल्यातील रोकड आणि वहीतील आकडा यांचा रोजच्या रोज मेळ घालणे हे धंद्याचे पहिले कर्तव्य होय. हा विषय केवळ कारखानदारांचा आहे, असे आमच्या वाचकांनी समजू नये. गावची दूध सोसायटी, महिलांचा बचत गट, किराण्याचे दुकान, सणाची वर्गणी गोळा करणारे मंडळ, या सर्वांना हाच नियम लागू आहे.

सुरतेकडे रोजच्या रोख जमाखर्चाच्या वहीस ‘रोजमेळ’ म्हणतात. आपल्याकडील जुना शब्द ‘रोजकीर्द’. ‘रोजमेळ’ या नावातच सारा उपदेश साठविलेला आहे: मेळ घालावयाचा तो रोज, आठवड्याने वा महिन्याने नव्हे. रीतही सोपी आहे. सकाळची शिल्लक, अधिक दिवसाची जमा, वजा दिवसाचा खर्च, म्हणजे संध्याकाळची शिल्लक. ती वहीतून काढावयाची आणि गल्ल्यातील नोटा मोजून तिच्याशी ताडून पाहावयाची.

कोसाडातील एखादा लहान यंत्रमागाचा कारखाना आपण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू या. सकाळी गल्ल्यात १२,४०० रुपये होते. दिवसभरात ३८,७५० रुपये रोख आले. त्यांतील ३०,००० बँकेत भरले आणि ९,३०० हमाली, मजुरी व दुरुस्तीवर गेले. तेव्हा संध्याकाळी वही ११,८५० रुपये शिल्लक सांगते. आता मोजणी करावी. पाचशेच्या १९ नोटा, दोनशेच्या ६, शंभराच्या ९, पन्नासच्या ३ आणि दहाच्या १० मिळाल्या, तर बेरीज बरोबर ११,८५० येते. प्रत्येक नोटेची संख्या वहीच्या पानावर लिहून खाली सही करावी. आणखी एक पथ्य पाळावे: आधी मोजावे आणि मग वही पाहावी. वहीतील आकडा आधी कळला की मोजणारा हात नकळत त्या आकड्याकडे झुकतो.

आता समजा, मोजणीत पाचशे रुपये कमी भरले. अशा वेळी पुष्कळ भली माणसे स्वतःच्या खिशातून पाचशे घालून प्रकरण मिटवितात. काही जण वहीत ‘किरकोळ खर्च’ म्हणून पाचशे लिहून टाकतात. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. पहिल्याने तूट झाकली जाते, दुसऱ्याने वही खोटी होते. योग्य मार्ग एवढाच, की ‘रोकड तूट रुपये ५००’ असे त्याच दिवशी उघडपणे लिहावे आणि कारण शोधावे. पैसे जास्त भरले तरी तीही नोंद तितक्याच उघडपणे करावी. वाढलेला पैसा हादेखील कोणाची तरी पावती लिहावयाची राहिली, किंवा कोणास सुटे पैसे कमी दिले, याचा पुरावा असू शकतो.

कारण शोधण्याच्या काही जुन्या युक्त्या आहेत. फरकाला नऊने निःशेष भाग जात असेल, तर बहुधा अंकांची अदलाबदल झालेली असते. ५४० च्या जागी ४५० लिहिले, तर फरक ९० चा येतो. फरक सम असेल, तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधावी. जमेची रक्कम खर्चाच्या बाजूस लिहिली गेली, की फरक दुप्पट पडतो. या युक्त्यांनी प्रत्येक चूक सापडेलच असे नाही. परंतु माणसावर संशय घेण्यापूर्वी आकड्यांवर संशय घ्यावा, ही सवय त्यांच्यामुळे लागते.

या शास्त्राचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. दुहेरी नोंदीची हिशेबपद्धती सविस्तर समजावून सांगणारा पहिला छापील ग्रंथ सन १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते लुका पाचोली हे संत फ्रान्सिस यांच्या संघातील संन्यासी आणि गणिताचे अध्यापक होते. ही पद्धती त्यांनी शोधून काढली नाही. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासूनच वापरीत होते. पाचोलींनी ती गणिताच्या आपल्या मोठ्या ग्रंथात नीट मांडून सर्वांच्या हाती दिली. वहीच्या आरंभी परमेश्वराचे नाव घ्यावे, असे ते सांगतात, आणि पहिल्या वह्यांवर क्रूसाची खूण करण्याच्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांच्या प्रघाताचाही उल्लेख करतात. दिवाळीस सुरतेचा व्यापारी नव्या चोपड्याची पूजा करून मगच त्यात पहिला आकडा लिहितो. देश वेगळे, धर्म वेगळे. पण हिशेबाची वही ही खोटे लिहिण्याची जागा नव्हे, ही भावना दोहींकडे एकच दिसते.

रोकड खात्याविषयी पाचोलींनी एक मर्म सांगितले आहे: या खात्यात शिल्लक तरी असावी किंवा ते शून्य तरी असावे, याहून निराळे दिसले तर वहीत चूक आहे असे समजावे. विचार केला तर हे उघड आहे. ज्या पेटीत शंभर रुपये आहेत, तिच्यातून दीडशे काढता येत नाहीत. एखाद्या दिवशी वहीत रोकड उणे दिसू लागली, तर जमेची एखादी नोंद राहिली आहे किंवा खर्च दोनदा लिहिला गेला आहे हे निश्चित.

किरकोळ खर्चासाठी ठराविक रकमेची पद्धत फार उपयोगी पडते. समजा, कारकुनाकडे ५,००० रुपये दिले. चहा, रिक्षा, टपाल, सुया, तेल असा जो खर्च होईल, त्याची पावती त्याने पेटीत ठेवावी. केव्हाही पेटी उघडली, तरी पावत्या अधिक रोकड मिळून ५,००० च भरले पाहिजेत. महिनाअखेर पावत्या ३,६४० च्या आणि रोकड १,३६० असेल, तर मालकाने पावत्या तपासून नेमके ३,६४० रुपये द्यावेत. पेटी पुन्हा पूर्ण होते. बचत गटाच्या भगिनींनाही ही पद्धत सहज जमेल.

येथवर पेटीतील पैशाची गोष्ट झाली. परंतु आज धंद्याचा बराचसा पैसा बँकेत असतो, आणि तेथे अधिक फसगत होते. बँकेचे पासबुक आणि आपली वही यांत फरक पडणे स्वाभाविक आहे. कारण एकाच व्यवहाराची नोंद दोघे वेगवेगळ्या दिवशी करतात. आपण धनादेश लिहिला की त्याच दिवशी खर्च मांडतो. बँक मात्र तो धनादेश तिच्याकडे वटण्यास आल्यावरच मांडते.

आपल्या काल्पनिक कारखान्याचेच उदाहरण पुढे नेऊ. ३१ मार्च रोजी वहीप्रमाणे बँकेत ८४,६०० रुपये आहेत. पासबुक मात्र १,१७,३४६ दाखविते. फरकाची कारणे चार निघाली. सूतवाल्यास दिलेला ४६,००० चा धनादेश त्याने अद्याप बँकेत भरलेला नाही. गिऱ्हाइकाकडून आलेला १८,५०० चा धनादेश आपण भरला, पण तो अजून जमा झालेला नाही. एका गिऱ्हाइकाने ५,६०० रुपये परस्पर खात्यात पाठविले, ते आपल्या वहीत आले नाहीत. आणि बँकेने ३५४ रुपये आकार कापला, तोही आपणांस ठाऊक नव्हता.

आता मिळवणी पाहा. वहीतील ८४,६०० मध्ये ५,६०० मिळवून ३५४ वजा केले, की ८९,८४६ येतात. पासबुकातील १,१७,३४६ मधून ४६,००० वजा करून १८,५०० मिळविले, की तेही ८९,८४६ च येतात. दोन वाटांनी निघून एकाच ठिकाणी पोहोचलो. हाच खरा आकडा. यापैकी परस्पर आलेली रक्कम आणि बँकेचा आकार या दोन नोंदी आपल्या वहीत करावयाच्या. उरलेल्या दोन काही दिवसांत बँकेत आपोआप उतरतील. त्या उतरल्या की नाही, हे मात्र पुढील मिळवणीत अवश्य पाहावे.

ही मिळवणी न करता मालकाने पासबुकातील एक लाख सतरा हजारांवर विसंबून एक लाखाचे देणे चुकते केले, तर काय होईल? गिऱ्हाइकाचे १८,५०० जमा झाले, तरी खात्यात ३५,८४६ च उरतील. मग सूतवाला आपला ४६,००० चा धनादेश घेऊन बँकेत जाईल आणि तो न वटता परत येईल. लबाडी कोणीच केलेली नाही. पण पत गेली ती गेलीच. त्यातून १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमात १९८८ च्या दुरुस्तीने कलम १३८ आले, तेव्हापासून धनादेश न वटणे हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे न दिल्यास खटला होऊ शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ध्या तासाची मिळवणी चुकविण्याचे हे मोल केवढे!

नफा आणि रोकड एकच, हाही असाच एक भ्रम आहे. कापडाच्या व्यापारात उधारी मोठी चालते. माल विकला गेला, वहीत नफा दिसला, पण गिऱ्हाइकाचा पैसा दोन-तीन महिन्यांनी येणार असेल, तर या महिन्याचा पगार कशातून द्यावयाचा? नफ्यात चाललेले धंदेही रोकडीवाचून बंद पडतात. यासाठी येत्या चार आठवड्यांत कोणत्या दिवशी किती येणार आणि किती जाणार, याचा अंदाज एका कागदावर मांडून ठेवावा. मिळवणी झालेल्या खऱ्या आकड्यापासूनच त्या कागदाचा आरंभ करावा.

आता सर्वांत नाजूक भागाकडे वळू. मराठ्यांच्या राज्यकारभारात फडणीस हिशेब लिही, पोतनीस खजिन्याची रोकड सांभाळी आणि पोतदार नाणे पारखून घेई. ही आडनावे आजही आपल्यांत आहेत. पण त्यांमागचे शहाणपण आपण विसरलो. पैसा घेणारा हात, वही लिहिणारा हात आणि मेळ पाहणारा डोळा एकाच माणसाचा असू नये. तसे झाले, की मोहाला वाट मिळते. आज आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या पैशातून कालची दुसऱ्याची तूट भरून काढावयाची, उद्याच्या पैशातून आजची. हे चक्र महिनोन्‌महिने चालू शकते आणि रोजची पेटी मात्र बरोबर भरते. लहान धंद्यात तीन माणसे ठेवणे परवडत नाही, हे खरे. परंतु बँकेची मिळवणी तरी मालकाने स्वतः करावी आणि अधूनमधून न सांगता पेटी मोजावी.

यावर कोणी म्हणेल, आमचा कारकून घरच्यासारखा आहे. त्याची पेटी मोजणे हा त्याचा अपमान नव्हे काय? आमचे मत याच्या अगदी उलट आहे. जेथे रोज मेळ घातला जात नाही, तेथे वर्षअखेरीस एकदम मोठी तूट उघडकीस येते. ती कोणत्या दिवशी पडली हे सांगणारा कागद नसतो. मग सर्वांची नजर पेटीजवळ बसणाऱ्या गरीब मुलाकडे वळते. तो निर्दोष असला, तरी आपला निर्दोषपणा तो कशाने सिद्ध करणार? घरापासून दूर, परक्या शहरात, चोरीचा नुसता आळ आला तरी त्याची नोकरी जाते आणि गावाकडे आईबापांची मान खाली जाते. याउलट, ज्याच्या वहीत प्रत्येक संध्याकाळची मोजणी आणि दोघांच्या सह्या आहेत, त्याच्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही. रोजचा मेळ हे प्रामाणिक माणसाचे कवच आहे. ते त्याला नाकारणे हाच त्याचा खरा अपमान होय.

तेव्हा आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या हाती चारचौघांचा पैसा आहे, त्यांनी उद्यापासूनच आरंभ करावा. यासाठी संगणक हवा असे नाही. असल्यास उत्तमच, पण नोटा मोजण्याचे आणि खरे लिहिण्याचे काम तो करीत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि दिवे लावण्याच्या वेळची पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. आणि ज्यांची मुले सुरतेस किंवा मुंबईस कोणाच्या गल्ल्यावर बसतात, त्यांनी मुलांना पत्रातून वा फोनवरून एवढे अवश्य सांगावे: बाळा, मालकाने विचारो वा न विचारो, पेटी मोजून, आकडा लिहून आणि सही घेऊन मगच दुकानाबाहेर पाऊल टाकीत जा.